स्कूटीची किल्ली आणि काळा ससाणा

रुक्मिणीनगर, अमरावती
४ ऑगस्ट २०२४

चि. शुभंकर,

अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या लगेच मागे एक तक्रार.

मागच्या रविवारी तू अकोल्याहून आलास, पोटभर जेवलास, माझ्या प्लास्टर निघालेल्या मनगटाकडे न्यायाधीशासारखा बघत बसलास आणि जाताना माझ्या स्कूटीची किल्ली खिशात घालून निघून गेलास. बस मूर्तिजापूरला पोचल्यावर म्हणे तुझ्या लक्षात आलं. शुभ्या, वकिलाने इतकं कच्चं खोटं बोलू नये. किल्ली माझ्या खुंटीवर होती. ती खुंटीवरून उडी मारून तुझ्या खिशात गेली का?

आणि ते दुसरं. "मावशी, वरची खोली तुझ्यासाठी तयार करतोय, आता अकोल्यालाच राहायचं." मी काही बोलले नाही, कारण तोंडात पुरणपोळी होती. तू त्याचा अर्थ होकार असा घेतलास, हे सूनबाईच्या, चारुताच्या मेसेजवरून कळलं. ती मला पडद्यांचे फोटो पाठवते आहे.

फोनवर हे बोलण्यात अर्थ नाही. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तू 'बरं बरं, काळजी घे' म्हणतोस. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. आपला पत्रव्यवहार तू पाचवीत असल्यापासूनचा आहे, त्याला गंज चढला तर तेल घालू.

आता मुद्द्यावर येते. काल तुझा तो जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला. माझ्या भरतकामाचं झाकण घालून माळ्यावर बसला होता. ड्रॉवरमध्ये एक सीडी सापडली, वर तुझ्या अक्षरात 'नाइट केस्ट्रल, कुणी हात लावू नये' असं लिहिलेलं. तोच ना तो तुझा ससाणा? पाठीवर पंखांचा झगा, तोंडावर चोचीचा मुखवटा, आणि रात्रभर गावात मारामाऱ्या. सहावी ते आठवीच्या उन्हाळ्यांत तू माझ्याकडे यायचास आणि कूलरसमोर बसून तो खेळ खेळायचास. शेवटचा टप्पा कधीच जिंकला नाहीस. एकदा रडलाही होतास. नाही म्हणू नकोस, आमरसाची वाटी तशीच ठेवून रडला होतास.

तर माझा प्रस्ताव ऐक. हा खेळ मी पूर्ण करते. दसऱ्यापर्यंत केला तर किल्ली परत, आणि खोलीचा विषय बंद. नाही जमला तर दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुमच्याकडे येते, कुरकुर न करता.

लेखी उत्तर पाठव. तोंडी काही मानणार नाही.

तुझी,
सिंधूमावशी


जठारपेठ, अकोला
९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कोर्टात बार रूममध्ये बसून वाचलं आणि इतका हसलो की शेजारचे दोन वकील केस सोडून माझ्याकडे बघायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी माझी मावशी ससाणा होणार!

प्रस्ताव मान्य. पण वकील आहे, अटी घालणारच. पहिली अट, खेळ तू स्वतः खेळायचास, शेजारच्या कुणाला बसवायचं नाही. दुसरी, 'पूर्ण' म्हणजे पूर्ण. शेवटचं चित्र पडद्यावर आलं पाहिजे. 'जवळजवळ झालंच होतं' हे चालणार नाही. तू दहावीच्या पोरींची भूमिती तपासताना 'जवळजवळ' चालवून घेत नव्हतीस.

मी इतक्या आनंदाने हो का म्हणतोय तेही सांगतो. तो खेळ पूर्ण होत नाही, मावशी. मी तीन उन्हाळे घालवले. सीडी राजकमल चौकातल्या एका दुकानातून घेतलेली, नकली होती. माझी तर खात्री आहे की नक्कल करताना त्यातला शेवटच गळून गेला असणार.

आता कसं खेळायचं ते ऐक. उजव्या हाताच्या बोटांनी बाणांची बटणं दाबायची, त्याने ससाणा चालतो. डाव्या हाताने ए दाबलं की उडी, एस दाबलं की ठोसा. दोन्ही हात एकदम चालले पाहिजेत. एक टप्पा संपला की तो आपोआप साठवला जातो, पण टप्प्याच्या मध्येच कॉम्प्युटर बंद झाला की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. आमचं कितीतरी वेळा झालं. आठवतं ना, भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे लाइन सकाळी यायची आणि दुपारच्या जेवणाआधी जायची. तेवढ्यात काय ते उरकायचं. तू आतून ओरडायचीस, "शुभ्या, लाइन जाते बघ!" आणि मी जिवाच्या आकांताने ठोसे मारायचो.

खोलीला पिस्ता रंग देतो आहोत. चारुता विचारते, तुझं देवघर पूर्वेला लागेल ना?

तुझा,
शुभंकर

ता. क. रडलो होतो. आमरस मात्र संपवला होता.


अमरावती
१९ ऑगस्ट

चि. शुभंकर,

दुरुस्तीवाल्या गोवर्धनने कॉम्प्युटर चालू करून दिला. आधी म्हणाला, "मॅडम, हा म्युझियमले द्या ना, घरी काहून ठेवता?" मग काहीतरी बदललं, धूळ फुंकली, आणि बाबाजी घुं घुं करत उठला. मध्ये इन्व्हर्टरही जोडून दिला आहे. त्यामुळे आता लाइन गेली तरी ससाणा जात नाही.

खेळाबद्दल माझी काही मतं झाली आहेत. या ससाण्याला पगार कोण देतं? रात्रभर जागतो, सकाळी झोपतो, घरी आई-बाप दिसत नाहीत. सुरुवातीच्या चित्रांत एवढा लांब झगा घालून गिरणीत शिरतो, पट्ट्यात अडकला म्हणजे कळेल. आणि गावातले लोक तर महा आळशी. गोदीला आग लागली, दहा माणसं उभी राहून वर बघतात, एकजण बादली उचलत नाही. आपल्या गल्लीत परवा कचरा पेटला तर सगळ्या बायका बालद्या घेऊन धावल्या होत्या.

मी पहिल्या टप्प्यावर आहे. गोदीच्या कुंपणावरून पलीकडे जायचं आहे. पळत येऊन उडी मारायची असते म्हणे. ससाणा पळत येतो, कुंपणापाशी थांबतो आणि तिथेच उड्या मारतो. कुत्री येतात. चावतात. पुन्हा पहिल्यापासून.

होईल हळूहळू.

चारुताला सांग, पडद्यांची घाई नको.

सिंधूमावशी


अकोला
२७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

कुंपण? अगं, ते कुंपण मी पहिल्याच दिवशी, तुझा चहा उकळायच्या आत ओलांडलं होतं. पंधरा दिवस कुंपणापाशी उभी आहेस? तुला मनातून अकोल्याला यायचंच आहे, नुसतं मानाने म्हणता येत नाही, असं मला वाटायला लागलंय. तसं असेल तर लाजू नकोस. पैज सोडून दे आणि ये. आपल्या घरी यायला कुणाला निमित्त लागतं का?

आणि अक्षर काय हे? पत्र रिक्षात बसून लिहिलंस का? मला शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायला लावणाऱ्या बाईंचं अक्षर मुंग्या फिरल्यासारखं झालं आहे. माझ्या पक्षकारांची तक्रार असते की माझं अक्षर वाचता येत नाही, आता त्यांना तुझं दाखवीन.

खोली झाली. खिडकीतून कडुनिंब दिसतो. पलंग कमी उंचीचा घेतलाय, पाय टेकायला बरं. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. गॅसजवळ तुला जायची गरजच नाही, चारुता सगळं हातात आणून देईल.

कधी येतेस?

शुभंकर


अमरावती
३ सप्टेंबर

शुभंकर,

आज राग आला आहे, म्हणून आशीर्वाद शेवटी देईन.

मला मानाने म्हणता येत नाही हे तू कुठून काढलंस? आजवर मला जे म्हणायचं होतं ते म्हणता आलं नाही असा एक दिवस दाखव. मला अकोल्याला राहायला यायचं नाही. हे घे, म्हटलं.

अक्षराचं विचारलंस, तर तेही सांगून टाकते. माझी उजवी बोटं मिटत नाहीत. हाड जुळलं, पण बोटं लाकडासारखी झाली आहेत. तू आलास तेव्हा मी बोटं पदरात झाकून ठेवली होती आणि वाढलं सगळं डाव्या हाताने. तुझ्या लक्षात आलं नाही, मला बरंच वाटलं. प्रणाली नावाची एक मुलगी फिजिओथेरपीला येते, तिने मला एक रबराचा चेंडू दिला. "मॅडम, बॉल दाबून राहिल्या का तुमी रोज? का नुसता टेबलावर ठेवून राहिल्या?" असं दारातूनच विचारते. चेंडू दाबण्यात काय मजा आहे, सांग बघू. दाबला काय न दाबला काय, कुणाचं काही अडत नाही. म्हणून हा खेळ काढला. बाण दाबला नाही तर ससाण्याला कुत्री चावतात, मग दाबावाच लागतो. प्रणालीने खेळ बघितला आणि म्हणाली, चालते, उलट चांगलंच आहे.

तर पंधरा दिवस कुंपणापाशी उभी होते ती यामुळे. पळायचा बाण दाबून धरायचा असतो आणि माझं बोट मध्येच सुटतं.

आता तुझी खोली. रे बाळा, खोली छानच असेल. तुझं आणि चारुताचं मन किती मोठं आहे ते मला कळतं. पण इथे मी भाजी आणायला निघाले तर कोपऱ्यापर्यंत चार जणी थांबवतात. कुणाच्या मुलीला मी शिकवलं, कुणाला स्वतःलाच. अंबादेवीला गेले तर चपला सांभाळणारी बाई माझी जोडी वेगळी ठेवते. किल्ली होती तेव्हा सकाळी स्कूटीवरून छत्री तलावाला एक चक्कर मारायची, तिथे आमच्या म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो, एकमेकांची दुखणी ऐकतो आणि हसतो. इथे मी सिंधू मॅडम आहे. तुझ्याकडे मी पलंगावर बसलेली, पाय टेकलेली, हातात सगळं आणून दिलेली शुभंकरची मावशी होईन. लवकरच म्हातारी होईन.

तू हे कर्तव्य म्हणून करतो आहेस. ताई गेली, आता तिच्या बहिणीचं आपण बघायचं, असं तुझ्या मनात असणार. मी तुला त्यातून मोकळं करते.

काल पोळ्याच्या दिवशी कुंपण ओलांडलं. बैल सजवून निघाले होते, दारावरून बँड गेला, आणि त्या नादात बोट सुटलं नाही.

आशीर्वाद.

सिंधूमावशी


अकोला
१० सप्टेंबर

प्रिय मावशी,

मी गाढव आहे. हे लेखी देतो, जपून ठेव.

अक्षराची चेष्टा केली, ती मागे घेतो. पण कर्तव्याचं तू लिहिलंस ते साफ चूक आहे. तू भूमिती चांगली शिकवतेस, माझ्या मनातलं मात्र तुला वाचता येत नाही.

तू स्कूटीवरून पडलीस त्या दिवशी मी युक्तिवाद करत होतो. फोन खिशात थरथरला, मी बंद केला. पुन्हा थरथरला, पुन्हा बंद केला. बाहेर येऊन बघितलं तर तुझ्या शेजाऱ्यांचे आठ-दहा फोन. मी अमरावतीला पोचेपर्यंत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. आई गेली तेव्हाही असाच फोन आला होता. मला शुभ्या म्हणणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही, मावशी. मला भीती वाटते. त्या भीतीने किल्ली घेतली, त्या भीतीनेच खोली रंगवली. हे कर्तव्य वगैरे काही नाही, निव्वळ घाबरटपणा आहे. चारुता म्हणते, तुम्ही मावशींसाठी खोली करताय का स्वतःसाठी?

सोबत एक बंद पाकीट आहे. त्यात त्या खेळाची चोरवाट लिहिली आहे. सुरुवातीच्या पडद्यावर ती अक्षरं टाइप केली की ससाणा मरतच नाही, कितीही मार खाल्ला तरी. लहानपणी मला ती माहीत नव्हती, परवा शोधून काढली. वापर. बोटांना त्रास देऊन घेऊ नकोस. तू जिंकलीस असं मी समजेन.

तुझा,
शुभ्या


अमरावती
१६ सप्टेंबर

चि. शुभ्या,

पाकीट न फोडता परत पाठवते आहे. पस्तीस वर्षं मी वर्गात फिरून पोरींच्या ओढण्यांखालून कॉपीचे कागद काढले, आणि आता तू मला घरपोच कॉपी पुरवतोस? तुझ्या आईला कळलं असतं तर तिने तुलाच अंगठे धरून उभं केलं असतं.

पत्र मात्र दोनदा वाचलं. रडले थोडी. मग विचार केला, हे पोरगं इतकं घाबरतं हे मला कळायला हवं होतं. सातवीत असताना पाल दिसली तरी तू पलंगावर चढायचास.

भीतीवर माझ्याकडे औषध नाही, बातम्या आहेत. गिरणी पार केली. पाण्याची टाकी पार केली. टाकीवरून लोंबकळत जायचं असतं, तिथे तीन बोटं एकदम लागतात, मी आठवडाभर पडत होते. परवा पडले नाही. आणि त्याच दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण माझं मी फिरवलं! प्रणाली आली तेव्हा मी तिच्यापुढे बरणी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ती म्हणाली, "मॅडम, तुमी तर कमाल करून राहिल्या! माझ्या बाकीच्या पेशंटलेही हा गेम देऊ का?" आता तिच्या आणखी एका पेशंट आजी दुपारी येऊन माझ्या शेजारी बसतात आणि "मार त्याले, मार!" असं ओरडतात. त्या स्वतः खेळत नाहीत, तुझी अट मोडलेली नाही.

गणपतीच्या आरतीला काल घंटाही उजव्या हाताने वाजवली. अक्षर बघ, मुंग्या रांगेत चालायला लागल्या आहेत.

सिंधूमावशी


अकोला
३० सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र नाही. फोन केला तर 'कामात आहे' म्हणून ठेवलास. गुरुवारी नवरात्र बसेल, त्याची आवराआवर चालू असेल असं समजतो.

का काळ्या ससाण्यापाशी अडकलीस? तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. घड्याळाच्या मनोऱ्यावर तो येतो ना, आपल्या ससाण्याचीच सावली, तोच झगा, तीच चोच. आपण ठोसा मारला की तो ठोसा मारतो. मी त्याला काय काय नाही केलं! उडी मारून ठोसे, मागून ठोसे, नुसते ठोसे. तो आणखी मोठाच व्हायचा. मी घामाघूम, तू आतून "लाइन जाते बघ", आणि खट्. पडदा काळा. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याला कुणीच हरवू शकत नाही, मी तुला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

खरं सांगू का? पैज लावली तेव्हा तू हरावीस असं वाटत होतं. आता कोर्टात बसलो तरी मनात येतं, मावशी मनोऱ्यावर पोचली असेल का. तू हरावीस असं वाटत नाही, आणि जिंकलीस तर मी काय करणार हेही समजत नाही.

कळव.

शुभ्या


अमरावती
८ ऑक्टोबर

चि. शुभ्या,

तुझा तर्क बरोबर होता. दहा-बारा दिवस मी त्या काळ्या मेल्यापाशीच अडकले होते, आणि हरल्याची पत्रं लिहायची मला सवय नाही.

तू सांगितलंस तसंच झालं. मी मारलं की तो मारायचा आणि फुगायचा. शेवटी पडदाभर व्हायचा आणि ससाण्याला चिरडायचा. मी रोज सकाळी बसायची, हरायची आणि अंबादेवीच्या दर्शनाला निघून जायची. मनात म्हटलं, झालं, पिस्ता रंगाच्या खोलीत जायचं आता. एक दिवस तर कपाट उघडून कोणत्या साड्या न्यायच्या तेही बघून ठेवलं. तेव्हा खूप वाईट वाटलं, रे.

काल सकाळी पुन्हा बसले. दोन-चार ठोसे मारले, तो फुगायला लागला, आणि बाहेर उत्तमरावांची भाजीची गाडी आली. "मॅडम, मेथी पाहा आज कशी हाय! एकदम कवळी. काहून येऊन नाही राहिल्या बाहेर?" आता कोवळ्या मेथीपुढे ससाणा काय चीज आहे? तसाच सोडून उठले. मेथी बघितली, वांगी बघितली, उत्तमरावांच्या सुनेला दिवस गेले आहेत ते ऐकलं, कोथिंबीर फुकट मागितली, मिळाली. सावकाश आत आले. म्हटलं ससाणा मेला असेल.

शुभ्या, ससाणा जसाच्या तसा उभा होता. आणि काळा विरत चालला होता.

मी मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसले आणि बघत राहिले. हात लावला नाही. तो आधी लहान झाला, मग करडा झाला, मग धुरासारखा उरला, आणि गेला. त्याचं सगळं बळ आपल्या ठोशांचं होतं. तीन उन्हाळे तू त्याला खाऊ घालत होतास. तुझीही चूक नाही, लाइन जायच्या आत उरकायचं म्हटल्यावर हात थांबवून उभं राहायचं कुणाला सुचणार? आणि तुला घाई करणारी मीच होते.

मी मास्तरीण आहे, तात्पर्य काढल्याशिवाय मला राहवत नाही. तू भीतीला सारखे ठोसे मारतो आहेस. किल्ली लपव, रंग दे, दांडी बसव. थोडा वेळ नुसता उभा राहून बघ. माझ्या सांगण्यावरून बघ.

आता पैजेचं. मनोऱ्यावर एक दार आलं आहे. त्यावर लिहून आलंय, 'दार उघडण्यासाठी कोणतंही बटण दाबा.' दारापलीकडे शेवटचं चित्र असणार. मी बटण दाबलेलं नाही.

दाबवेना. तो शेवट तुझा आहे, आठवीतल्या त्या मुलाचा. मी एकटीने बघितला तर मला चैन पडणार नाही. कॉम्प्युटर चालूच ठेवला आहे, कारण बंद केला तर टप्पा पुन्हा पहिल्यापासून, आणि उत्तमराव रोज मेथी आणत नाहीत. पडद्यावर भरतकामाचं झाकण घातलं आहे आणि वर तुझीच पाटी चिकटवली, 'कुणी हात लावू नये.' इन्व्हर्टरवर भरवसा ठेवून आहे.

तुझ्या अटीप्रमाणे शेवटचं चित्र आलं पाहिजे. दसरा शनिवारी आहे. तू आला नाहीस तर चित्र येणार नाही आणि मी पैज हरले. मग बॅग भरून तुझ्याकडे येईन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही. तुझं तू ठरव.

सिंधूमावशी


अकोला
११ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय मावशी,

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र चारुताच्या भावाच्या, कुलदीपच्या हाती देतोय. तो आज कामासाठी अमरावतीला येतो आहे, संध्याकाळी परतणार. त्याच्याबरोबर दोन ओळी पाठव.

तुझं पत्र काल रात्री चारुताने मोठ्याने वाचलं. मेथीपर्यंत आम्ही हसत होतो. दारापाशी ती वाचायची थांबली. म्हणाली, "आता घरी बसून राहिलात तर जिंकाल हो तुम्ही."

मी घरी बसणार नाही. उद्या सकाळच्या बसने निघतो, हरायला येतोय. चारुताही येते आहे, ती दुपारी तिच्या मावसबहिणीकडे जाऊन मग तुझ्या घरी येईल, मी स्टँडवरून सरळ तुझ्याकडे. वरची खोली तशीच राहू दे, तू पाहुणी म्हणून आलीस की उतरशील, आणि मनात येईल तेव्हा परत जाशील.

पाकिटात काहीतरी टणक लागेल. ते तुझं आहे. पाकीट दोनदा चिकटवून दोनदा उघडलं, खोटं सांगत नाही. पण मी उभा राहून बघायचं ठरवलं आहे.

तुझा,
शुभ्या


अमरावती
११ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. शुभ्या,

किल्ली पोचली. कुलदीप जिलबी खातोय, तेवढ्यात लिहिते.

दुपारी प्रणालीला मागे बसवून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक नीट दाबला जातो. तीही म्हणाली, "मॅडम, झकास!"

उद्या स्टँडवर रिक्षा करू नकोस. बाहेर आपट्याची पानं विकणाऱ्यांपाशी उभा राहा, मी घ्यायला येते. तुझ्यासाठी हेल्मेट आणते आहे. मागे गुपचूप बसायचं, आणि "मावशी, हळू" म्हणायचं नाही.

सिंधूमावशी